उष्टा कप

भूलकाकू कुणाच्याही उष्ट्या कपाला ओठ लावत नसत. सगळी नोकरी इंग्लंडच्या हॉस्पिटलांत भूल देण्यात गेली, रक्त-ओकाऱ्यांचं त्यांना कधी काही वाटलं नाही. पण सख्ख्या नवऱ्याच्या कपातला घोट म्हटला की अंगावर काटा. मी लंडनच्या पिनर उपनगरात त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला माझा कप वेगळा दाखवण्यात आला. मला तर रागच आला होता.

दुसरं वेड जागेचं. रिझर्व्हेशनची सीट त्या कुणासाठीही सोडत नसत. दोन हजार सालानंतर केव्हातरी आम्ही ग्लासगोला त्यांच्या लेकीकडे निघालो, तेव्हा आमच्या टेबलापाशी समोर एक भारी कोटातला गोरा गृहस्थ येऊन बसला. त्याची दोन माणसं पलीकडे. त्यांतला एक सारखा दाराकडे बघत होता. तो बॅग ठेवायला उठला, तेव्हा कमरेला खोचलेलं पिस्तूल मला स्वच्छ दिसलं. दुसऱ्या डब्यात जाऊ या, असं मी मराठीत पुटपुटले.

"सीट आपली आहे," काकू म्हणाल्या आणि विणकाम काढून बसल्या.

कॉव्हेंट्री सोडल्यावर त्या गृहस्थाने शर्ट जरासा वर करून पोटात इन्सुलिन टोचून घेतलं. त्याचा माणूस सँडविच आणायला गेला आणि हात हलवत परत आला. खाण्याचा काउंटर बंद होता. तेवढ्यात गाडी शेतांमध्येच थांबली ती थांबलीच. थोड्या वेळाने साहेबाचा हात थरथरू लागला, कपाळावर घाम आला. आपल्याच माणसाला तो भलत्या नावाने हाका मारायला लागला.

काकूंनी विणकाम खाली ठेवलं. याची साखर उतरली आहे, गोड दिलं नाही तर हा इथेच जाईल, असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि गार्डला बोलवायला उठल्या. पिस्तूलवाल्याने त्यांचं मनगट धरलं. कुणालाही बोलवायचं नाही, पोलीस येतील. काकूंनी थर्मासमधला चहा ओतून त्यात साखरेच्या पुड्या रिकाम्या केल्या. तोही त्याने अडवला. त्यांच्या धंद्यात परक्याच्या हातचं कुणी घेत नाही. तो हलक्या आवाजात म्हणाला, "आधी तू पी."

काकू प्यायल्या. दोन मोठे घोट. मग तोच कप त्या माणसाच्या ओठांना लावला आणि त्याची मान सावरत घोट घोट पाजला. अर्धा झाल्यावर पुन्हा पिस्तूलवाल्याकडे पाहून स्वतः एक घोट घेतला. मी देवाचं नाव घेत होते. काकूंचा हात मात्र एकदाही हलला नाही.

गाडी हलली तेव्हा तो शुद्धीवर होता. उतरताना त्याने त्यांचं नाव विचारलं. त्या म्हणाल्या, "नाव कशाला हवं? खाणं समोर आल्याशिवाय इंजेक्शन घेऊ नका."

वर्षभराने पेपरात त्याचा फोटो आला. हप्ता द्यायला नकार दिला म्हणून त्याने एका दुकानदाराला ठार मारलं होतं, आमच्या प्रवासानंतर काही महिन्यांनी. शेजारी त्या दुकानदाराचाही फोटो होता, गोरा, एप्रन घातलेला, हसरा. काकू त्याच फोटोकडे बघत राहिल्या. तुम्हाला काय ठाऊक होतं, असं मी म्हणू लागले.

"समजूत घालू नकोस गं," त्या म्हणाल्या. "पुन्हा तसा समोर आला, तर पुन्हा चहा पाजेन. पण हा माणूस माझ्या चहानंतर मेला, हे काही त्याने बदलत नाही."

सर्वपित्री अमावास्येला काकू दिवंगत काकांचं पान वाढत. त्या वर्षी त्याशेजारी त्यांनी आणखी एक पान मांडलं. वरण-भात, खीर, वडे, सगळं. कुणाचं, ते मी विचारलं नाही. पुढे दर वर्षी ते पान वाढलं जाई. गोऱ्या माणसाला तिखट सोसायचं नाही म्हणून त्यात चटणी नसे.

काकू गेल्या त्या वर्षी मी तीन पानं वाढली.