तुटक रेघेचा नळ

नकाशावर आधीपासून असलेली पाइपलाइन सलग रेघेने दाखवायची आणि नवी टाकायची ती तुटक रेघेने, एवढी साधी गोष्ट. संगणक आले आणि तीही साधी राहिली नाही. बीडच्या आमच्या छोट्या ऑफिसात मी नळयोजनांचे नकाशे कॅडवर काढत असे. पण तुटक रेघेतले तुकडे केवढे, मधली जागा केवढी, हे ठरवणारी फाइल औरंगाबादच्या मुख्य ऑफिसची. सगळ्यांना मिळून ती एकच. एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती फ्लॉपी यायची आणि आली की मुकाट्याने मशीनवर चढवायची. तिच्यात काही बदलायची आम्हाला बंदी होती.

पाटोद्याकडच्या एका वस्तीचा नकाशा मी जीव ओतून काढला, कारण माझी आक्का तिथे दिलेली. वस्तीवर नळ नव्हता. गावातल्या टाकीपासून वस्तीपर्यंत मी छान तुटक रेघ ओढली आणि फ्लॉपी औरंगाबादला पाठवली. तिकडे कुणाला तरी आपल्या रस्त्यांच्या नकाशावर या रेघा फार विरळ वाटल्या, म्हणून त्याने त्या सामाईक फाइलीतले तुकडे आणि त्यांच्यामधल्या जागा अगदी बारीक करून टाकल्या. माझाही नकाशा त्याच फाइलीवर छापला गेला. सह्या-शिक्के होऊन कागद परत आला, तेव्हा तुकडे एकमेकांना चिकटून वस्तीपर्यंत सलग काळी रेघ गेली होती. म्हणजे नळ आहेच!

एसटीडी बूथवरून फोन लावला. तिकडचे साहेब म्हणाले, "स्क्रीनवर तुटकच आहे. झूम करून बघा." कागद कसा झूम करायचा ते नाही सांगितलं. आमचे साहेब भला माणूस. कागद उजेडात धरून हळहळले आणि म्हणाले, "सह्या झाल्यात रे. आता आपल्या हातात काही नाही." योजना मंजूर करणाऱ्या सरकारी कचेरीत गेलो, तर कारकुनाने त्याच रेघेवर बोट ठेवलं. "हाय की पाइप. आनखी एक कशाला पायजे?" डोकं फिरलं माझं. रेघ मी काढलेली, आणि तिच्याबद्दल माझंच कुणी ऐकेना.

शेवटी आक्काला आपल्याच तोंडाने सांगावं म्हणून वस्तीवर गेलो. बघतो तर वस्तीच्या कडेने लांबलचक चर खणलेला आणि दाजी कमरेएवढ्या खड्ड्यात उभे. नकाशा घेऊन कचेरीतला कुणी साहेब येऊन गेला होता. पाइप इथेच आहे, बुजला असेल, असं सांगून गेला होता.

"दाजी, खाली काही नाही," मी म्हणालो. फाइल, फ्लॉपी, बारीक तुकडे, सगळं सांगितलं. माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं.

आक्का हंडा घेऊन काठावर उभी होती. "आसं कसं? कागद तू काढलाय न्हवं? तुझा कागद हाय म्हनून तर खांदायलोत."

मला रडू फुटायचं बाकी होतं.

"आनखी हातभर खाली आसंल," दाजी म्हणाले आणि त्यांनी टिकाव उचलला.