पुराव्यादाखल जोडलेली बहीण

"हात वर करा मावशी. मागच्यांनाही दिसू देत."

विभागाच्या सभागृहात सर माइकवर बोलत होते. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. माझी बहीण व्यासपीठाच्या कडेला उभी होती. तिनं हात वर केले. दोन्ही. पोलिसांनी पकडल्यावर करतात तसे. तळव्यांना भेगा, नखं काळी, बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सुटलेली.

"बघा," सर म्हणाले, "कंपनी हातमोजे देते. फुकट देते. ह्या घालत नाहीत. प्रश्न साधनांचा नाही, मानसिकतेचा आहे."

पहिल्या रांगेत सफाईचा ठेका असलेल्या कंपनीचे साहेब बसले होते. त्यांनी मान डोलावली. मागून कुणीतरी म्हणालं, "मेंदी काढायची म्हटलं की बरोबर हात पुढे येतील." हशा झाला. सरही हसले.

मी लॅपटॉपपाशी होतो. सरांनी खूण केली की पुढची स्लाइड आणायची, एवढंच माझं काम. मी पुढची स्लाइड आणली.

ताईचे हात अजून वरच. खाली घ्या असं कुणी म्हणालंच नव्हतं. शेवटी तिनं माझ्याकडे बघितलं. विचारलं, "सर, जाऊ का मी?"

मला सर म्हणाली. सकाळी मीच तिला बजावलं होतं, तिथं मला बाबू म्हणू नकोस.

"मग काय म्हणू?"

"सर म्हण."

"बरं," म्हणाली. पदर नीट केला. नवी साडी नेसून आली होती. भावाच्या कॉलेजात जायचंय म्हणून.

मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. लोकप्रशासन आणि सार्वजनिक धोरण शिकवायचो, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. करार संपला की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा सरांच्या केबिनबाहेरची खुर्ची. आम्ही रत्नागिरीकडचे बौद्ध. हे एवढं एक वाक्य लिहायला मला पंचवीस वर्षं लागली. आई भाईंदर पश्चिमेला रस्ते झाडायची. ती गेली तेव्हा मी नववीत होतो. ताईनं आईचा रस्ता घेतला. मी शिकलो. पूर्वेला इंद्रलोकमध्ये फ्लॅट घेतला. ताई पश्चिमेलाच राहिली, खाडीकडच्या वस्तीत. सोसायटीत मी सांगितलेलं, बहीण गावी असते.

दर वर्षी विभागाचा कामगिरी अहवाल निघायचा. कुणाचे किती शोधनिबंध, कुणाला कुठला पुरस्कार, कोण कुठल्या समितीवर. तो मी भरायचो. माझं इंग्रजी बरं होतं आणि मी नाही म्हणत नसे. माझ्या नावापुढे रिकामं. करारावरच्या माणसाची कामगिरी धरत नाहीत. सरांची पानंच्या पानं. त्यातली बरीच मी लिहिलेली. निबंधाच्या शेवटी आभारात माझी एक ओळ यायची, क्षेत्रकार्यासाठी साहाय्य. ती ओळसुद्धा मी कापून ठेवायचो.

सफाई कामगारांचा अभ्यास आला तेव्हा सर म्हणाले, "फील्डचं तूच बघ. तुम्हा लोकांना तिथं लगेच ॲक्सेस मिळतो." तुम्हा लोकांना. मी "हो सर" म्हटलं.

रोज सकाळी हजेरी शेडवर जाऊन बायकांकडून प्रश्नावली भरून घेतली. त्यात एक प्रश्न होता, हातमोजे का वापरत नाही? खाली तीन चौकोन. मिळत नाहीत. जाणीव नाही. इतर, नमूद करा. 'इतर'पुढे दीड ओळ मोकळी.

ताई म्हणाली, "अरे, पुरुषाच्या मापाचे हायत ते. एकात माझे दोन्ही हात जातील. झाडू धरला की सटकतो. ओला कचरा आत शिरतो, मग दुपारपर्यंत हात आतल्या आत कुजतात. त्यापरीस उघडे बरे. लिव तू, बायकांच्या मापाचे द्या म्हणून."

मी लिहिलं. दीड ओळीत बसेना म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. जवळजवळ सगळ्या बायकांनी हेच सांगितलं. सगळ्यांचं लिहिलं.

सरांनी गठ्ठा चाळला. "'इतर' एवढं? परीक्षक आपल्याच प्रश्नावलीवर बोट ठेवतील. कुठंतरी बसव."

"कुठं बसवू सर?"

"जाणीव नाही, त्यात जातंय की. हातमोजे आहेत, वापरत नाहीत. म्हणजे जाणीव नाही."

बसवलं. दोन दुपारी लागल्या. एकेक फॉर्म समोर घ्यायचा आणि संगणकावर त्याचा आकडा बदलायचा. तीनच्या जागी दोन. तीनच्या जागी दोन. ताईचा फॉर्म आला तेव्हा मी थांबलो, असं लिहायला मला आवडलं असतं. थांबलो नाही. त्या वर्षीची मुलाखत पुढच्या आठवड्यात होती.

अहवालातलं ते वाक्यही माझंच. 'कामगारांमध्ये स्वतःच्या सुरक्षेविषयी जाणिवेचा अभाव असून शिस्तीची गरज आहे.' सरांनी त्यातला एक शब्द बदलला नाही. म्हणाले, "हे छान जमलंय."

मग तो हात वर करायचा कार्यक्रम झाला. महिन्याभरात कंपनीचं परिपत्रक निघालं. रोजच्या हजेरीच्या फोटोत हातमोजे दिसले नाहीत तर तो दिवस खाडा. ठरावीक खाडे झाले की काम बंद. अभ्यासाचा आधार म्हणून आमच्या अहवालाचं नाव वर छापलेलं.

ताईनं दोन दिवस ते हातमोजे घालून झाडलं. तिसऱ्या दिवशी बोटं पिकली. तिनं काढले. खाडा. पुन्हा खाडा. मग मुकादम म्हणाला, "मौसी, कल से मत आना."

ती इंद्रलोकला आली. वर नाही आली, गेटवरच थांबली. वॉचमननं इंटरकॉम केला, "साहब, एक बाई आपका नाम ले रही है. काम के लिए आई है क्या?"

मी म्हटलं, "रुकने दो, आता हूँ."

काम के लिए नहीं, बहन है. एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हणालो.

खाली गेलो. तिनं पिशवीतून परिपत्रकाची झेरॉक्स काढली. तिला वाचता येत नाही, शेजारच्या मुलीनं वाचून दाखवलं होतं. रागावलेली नव्हती. घाबरलेली होती. माझ्यासाठी.

"बाबू, ह्या कागदात तुझं नाव नाय ना?"

"नाही."

"बरं झालं. बायका लय शिव्या घालतायत, ज्यानं लिवलं त्याला." आणि ती चालत स्टेशनकडे गेली.

नाव नव्हतं. इतकी वर्षं मी त्याच नावासाठी झुरलो होतो. त्या संध्याकाळी मला नाव नसल्याचं बरं वाटलं. मनातून बरं वाटलं. ते वाटणं मला अजून धुता आलेलं नाही.

चार महिन्यांनी मूल्यांकन समिती यायची होती. सरांना उत्कृष्ट संशोधक म्हणून पुरस्कार मिळाला होता, त्याची फ्रेम केबिनमध्ये लागली होती. मी अहवाल भरत होतो. त्यात नवा रकाना आला होता, संशोधनाचा धोरणावरील प्रभाव, पुरावा जोडा. ह्याला गुण सगळ्यात जास्त.

"परिपत्रक जोड," सर म्हणाले. "आणि तो फोटो. हात वर केलेली ती बाई. खाली लिही, अभ्यासाच्या लाभार्थी."

मी फोटो उघडला. ताई पडदाभर झाली. कोपऱ्यात लॅपटॉपमागे माझं अर्धं डोकं दिसत होतं. खाली घातलेलं.

"नाही लिहिणार," मी म्हणालो.

"काय?"

"तिचं काम गेलं ह्या परिपत्रकामुळे. ती माझी बहीण आहे."

सरांचा चेहरा उजळला. "अरे, मग आधी नाही का सांगायचं! केवढी मोठी गोष्ट आहे ही. कामगाराच्या घरातला संशोधक आमच्या विभागात. हे पण घे. वेगळी चौकट कर."

मला वाटलं होतं ते ओशाळतील. माझ्या बहिणीचाही त्यांनी एक मुद्दा केला. आणि तसं करायला त्यांना मीच शिकवलं होतं, तीनच्या जागी दोन करून.

मी लॅपटॉप बंद केला आणि उठलो. त्या वर्षी मला मुलाखतीला बोलावलं नाही.

ताईला जाऊन खरं सांगितलं. ती कोलीम, बारीक सुकी कोळंबी, निवडत बसली होती. ऐकताना तिचे हात थांबले.

"म्हणजे मी बोलले ते तू लिवलंस, आणि मग तूच खोडलंस?"

"हो."

"लिवलंच नसतंस तर चाललं असतं रे."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

ह्याच अभ्यासावरचा सरांचा निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, आपण लेखकांपैकी नाही, सबब दखल घेता येत नाही. मग कंपनीच्या हाटकेश भागातल्या ऑफिसात गेलो. पहिल्या रांगेत बसलेले तेच साहेब. माझं पत्र त्यांनी टेबलावर उलटं ठेवलं.

"रिपोर्ट तुमच्याच युनिव्हर्सिटीचा ना? आणि आता तुम्हीच म्हणता गलत है?"

"उत्तरं मी बदलली. मूळ फॉर्मांवर सगळं लिहिलेलं आहे."

"कुठायत फॉर्म?"

"सरांच्या कपाटात."

ते हसले. "मग केस तुमच्यावरच व्हायला पाहिजे, प्रोफेसर."

हसण्यावारी बोलले. पण बरोबर बोलले.

ताईचं काम परत मिळणार नाही. तिच्या रस्त्यावर दुसरी बाई आली आहे, मोठे हातमोजे घालून झाडते. सरांचा पुरस्कार कुणी काढून घेणार नाही. मला आता कुठलाही विभाग दारात उभा करणार नाही. हे मी जाणून आहे. म्हणून मी तक्रार लिहिली आहे, माझ्याविरुद्ध. बायकांनी दिलेली उत्तरं मी खोटी केली, त्यावरून त्यांची कामं गेली. तक्रारदाराच्या जागी माझं पूर्ण नाव आहे, आरोपीच्या जागीही. सोमवारी ती पोलिसांकडे देणार आहे. घेतली नाही तर कोर्टात देईन. तिथं फेटाळली तर वरच्या कोर्टात. कुणीतरी एक जण विचारेल, पुरावा काय? मी म्हणेन, कपाट उघडा.

ते उघडेपर्यंत मी मागे हटणार नाही.