वर्गाचा होकार

सकाळी नवीन बाईंनी पोह्यांची बशी तशीच सरकवून ठेवली. आज त्यांच्या गणिताच्या तासाला मुख्याध्यापिका येऊन बसणार होत्या आणि बाईंना कायम करायचं की नारळ द्यायचा, ते त्यावर ठरणार होतं.

"एवढं काय घाबरायचं?" आई म्हणाली. "तुझ्या पोरांना सगळं येतं म्हणतेस ना?"

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाई ऐटीत होत्या. फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज मांडून "समजलं का?" विचारायचा अवकाश, अख्खा वर्ग "होऽऽ" म्हणून छप्पर डोक्यावर घ्यायचा. इतर शिक्षकांचे घसे बसायचे, यांचा धडा मात्र चुटकीसरशी पुढे! नवख्या माणसाला होकार फार गोड लागतो. तो तपासून बघावा, असं त्याच्या मनातही येत नाही.

काल त्यांनी सहज चाचणी घेतली. अर्धा अधिक एक तृतीयांश किती? वरचे आकडे वर, खालचे खाली मिळवून झाडून सगळ्यांनी दोन पंचमांश लिहिलं. म्हणजे अर्ध्यात भर घातली आणि ते अर्ध्याहून कमी झालं! बाईंच्या पायाखालची जमीन सरकली.

"मग रोज हो कशाला म्हणता रे?"

सगळ्यांनी वह्यांत डोकी खुपसली. शेवटी एक उंच मुलगी उठली. "बाई, पहिल्या दिवशी आम्ही नाही म्हणालो, तर तुम्ही रडलात. मग आम्ही सगळ्यांनी ठरवलं."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण वर्ग सांभाळतोय म्हणून मिरवत होतो, आणि वर्गच आपल्याला सांभाळत होता!

आज मुख्याध्यापिका मागच्या बाकावर टेकल्या. रोजचा होकार मागितला तर नोकरी पक्की. पोरं तयारच होती. बाईंनी तीच बेरीज मांडली, घाम पुसला आणि विचारलं, "कोणाला समजलं नाही?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"खरं सांगा. मला रडू आलं तरी चालेल."

उंच मुलीने हात वर केला. बघता बघता सगळ्या वर्गाचे हात वर. मुख्याध्यापिकांच्या कपाळाला आठी पडली. नोकरी गेलीच, बाईंनी मनाशी म्हटलं, आणि डोळे भरायचे ते भरलेच.

"बाई, रडा तुम्ही," उंच मुलगी म्हणाली, "पण खालचे आकडे का मिळवायचे नाहीत, ते सांगा ना."

या वर्गाने बाईंना विचारलेला हा पहिला प्रश्न होता.