संगमनेरच्या पत्रिका

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी केडगावात कॉम्प्युटरच्या क्लासला जात होतो. पाहुण्यांची यादी मी एक्सेलमध्येच केली. एका रकान्यात नावं, दुसऱ्यात गावं. आमच्याकडे पत्रिका घरी जाऊन हातात द्यावी लागते, म्हणून एका गावची माणसं एकत्र यावीत या हिशेबाने मी गावांचा रकाना निवडला आणि अक्षरांप्रमाणे लावून घेतला. कॉम्प्युटरने मध्येच इंग्रजीत काहीतरी विचारलं. न वाचताच मी दोनपैकी खालचा पर्याय दाबला. यादी फार सुबक दिसत होती. तिच्यावरूनच गावागणिक पत्रिकांचे गठ्ठे बांधले आणि संगमनेरचा गठ्ठा वाटायला मेहुण्याकडे दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा संगमनेरहून फोन आला. "दाजी, ही माणसं इथं राहतच नाहीत. आणि तुमचे चुलते चौकात भेटले, त्यांचीच पत्रिका नाही. पत्रिका न घेताच पुढं निघून गेले ते."

चुलते घरात सर्वांत वडील. ते रुसले असते, तर निम्मी भावकी लग्नाला आली नसती.

क्लासच्या मॅडमनी यादी पाहिली. "काका, तुम्ही गावं हलवलीत आणि नावं होती तिथंच ठेवलीत. पूर्ण तक्ता निवडायचा असतो."

चुलत्यांची पत्रिका भिंगारच्या गठ्ठ्यात निघाली. ती घेऊन मी स्वतः संगमनेरला गेलो आणि झालेला प्रकार सांगितला. त्यांनी चष्मा लावून नवरा-नवरीची नावं दोनदा वाचली.

"हितं तरी जोडी बरोबर हाय," ते म्हणाले. "येतो आमी. पन पंगतीचं काम दुसऱ्या कुनाला दे."