सासूबाई, सीताफळं आणि आंबेजोगाईची वाट

दवंडी पिटली तेव्हा मी सासुरवाडीला, मांजरसुंब्याजवळच्या डोंगरकडेला, पाहुणचार झोडत बसलो होतो. खाण्याचा जिन्नस विकून पोट भरणाऱ्यांना सरकार मदत देणार, परत न घेण्याची; माल घेऊन शेतकीच्या साहेबांच्या तंबूत हजर व्हावं, अशी ती दवंडी. तंबू मोमिनाबादेत, म्हणजे आपल्या आंबेजोगाईत. सासऱ्यांमागं सासूबाईंचा संसार बरडावरच्या सीताफळांवर चालायचा. त्या उठल्या आणि गोठ्यातल्या बैलाला म्हणाल्या, "सर्ज्या, जावईबापूला सांग, उद्या गाडी जुंपा."

जावयाशी थेट बोलायचं नाही, असा त्यांचा रिवाज. निरोप बैलामार्फत यायचे.

कच्ची सीताफळं गवतात रचून चार पाट्या भरल्या आणि तांबडं फुटताच निघालो. या वाटेनं जाणाऱ्यांनी निजामाच्या हाली शिक्क्याचे सुटे आणे जवळ ठेवावेत. नेकनूरला दोन आण्यांत दोघांची भाकरी-पिठल्याची सोय झाली, ठेचा फुकट. तो फुकट का, हे पहिल्या घासाला कळतं. पुढं चाकोरी इतकी खोल की गाडी आपली आपण चालते, फक्त पाठीचे मणके मोजून घ्यावेत.

दुसऱ्या दिवशी ऊन तापलं आणि केजच्या अलीकडं गाडीमागं माश्या लागल्या. सासूबाईंनी गवत उचललं. "सर्ज्या! समद्यांनी डोळे उघडले की रे!" सगळीच्या सगळी फळं पिकून मऊ झाली होती, आणि आंबेजोगाई अजून पुरता एक दिवस लांब.

मी गाडी माघारी वळवायला लागलो. तेवढ्यात वाटेवरची खव्याची भट्टी त्यांना दिसली. त्या उतरल्या आणि अर्ध्या फळांच्या बदल्यात खवा, साखर अन् भट्टी वापरायला असा सौदा ठरवून आल्या. मग भट्टीवाला, त्याची बायको आणि मी बिया काढत बसलो. बिया काढणं म्हणजे काय, ते ज्यानं काढल्या त्यालाच विचारा. पहिला गर गरम खव्यात पडला आणि कडू झाला. भट्टीवाल्यानं चाखून तोंड वाकडं केलं. "मावशी, हे सायबाला चारलं तर मदत न्हाई, जप्ती यील."

सासूबाई खळखळून हसल्या आणि तिथंच त्यांना सुचलं. "अवं जावईबापू, बगताय काय? कढई उतरवा! निवू द्या, मग गर घालू!"

मी सर्ज्याकडं बघितलं. तो निवांत रवंथ करत होता. म्हणजे हा निरोप थेट मलाच होता.

निवलेल्या खव्यात गर मिसळून त्यांनी पेढे वळले. चाखण्याच्या नावाखाली मी किती खाल्ले ते सांगत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आंबेजोगाईला पोचलो, तर तंबूबाहेर ही गर्दी. दारातला कारकून पेरूवाल्यांना, केळीवाल्यांना परत पाठवत होता. "झाडाला लागतं त्याला मदत न्हाई. हातानं करता त्याला हाय." आमच्या पाट्या शाबूत पोचल्या असत्या, तर आम्हीही त्याच रांगेतून घरी गेलो असतो.

साहेबांनी एक पेढा खाल्ला. मग दुसरा. डोळे मिटूनच विचारलं, "वा! कबसे बनाते जी?"

'तीन पिढ्यांपासून' हे माझ्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात पदराआडून आवाज आला, "परवापसनं."

कारकुनानं दौत खाली ठेवली.

"आणि पुढं?" साहेबांनी आता मराठीत विचारलं.

"पुढं कढई असली तर रोज. नसली तर आमचे पेढे तुमी हितंच काय ते बगितले."

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. मोठी कढई आणि एक दुभती म्हैस मंजूर झाली. कारकून मला म्हणाला, "तुमचं नाव सांगा." शेजारून कोपर बरगडीत बसलं. "सासूबाईंचं लिहा, भागीरथीबाई," मी म्हणालो, "मी बिया काढतो फक्त."

परतीला म्हैस गाडीमागं बांधली. कढईनं गाडी अशी भरली की बसायला जागा उरेना, तेव्हा सासूबाई कढईतच बसल्या. केजच्या बाजारातून आमची ही मिरवणूक निघाली. लोक विचारायचे, "मावशी, कढईत कशापायी बसल्या?" त्या म्हणायच्या, "सरकारनं दिलीय, लई गार लागती. बसता का?"

घरी आलो तर कढई दारातून आत जाईना. या सफरीचं माझ्याकडं काय उरलं म्हणाल, तर दुखरी कंबर, बोटांना सीताफळाचा वास आणि माझ्याशी तोंड उघडून भांडणारी एक सासू. मी चौकट काढायला पहार उचलली, तर त्या ओरडल्या, "ठिवा ती पहार! ऱ्हाऊ द्या कढई अंगणात. घरात ठिवली तर गावाला दिसंल कशी?"