भुताला काय पाहिजे

भुताचे खेळ खेळवायला कुठली सिस्टीम, म्हणजे कुठलं नियमांचं पुस्तक घ्यावं, या एका प्रश्नाने माझ्या डोक्याचा पार भुगा केला होता. खेळ तसा साधा. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं आणि अडलं की फासे टाकायचे. सांगणारा मी. खेळणारे दोघे: माझा ऊसवाला चुलतभाऊ आणि शाळेपासूनचा मित्र. मित्र फौजेत, सुट्टीवर मलकापूरला आलेला. तो परत जायच्या आत त्याला एकदा तरी घाबरवायचं, एवढीच माझी इच्छा होती.

पहिल्या सिस्टीममध्ये भीतीचे गुण होते. गुण वाढले की माणूस वेडा होणार. पण त्यासाठी आधी कुणी दचकायला तर हवं. माधवनगरच्या बंद मिलमध्ये मी गोष्टीत इतक्या मेहनतीने बाईचं भूत उभं केलं, आणि भावाने शांतपणे तिला विचारलं, काय पाहिजे तुला? आता विचारल्यावर उत्तर देणं आलं. तिने हिरवी साडी मागितली, यांनी दिली, खेळ खलास.

मग ठोकळ्यांच्या मनोऱ्याची सिस्टीम आणली. अडलं की फाशांऐवजी एक ठोकळा काढायचा, मनोरा पडला की माणूस मेला. जन्मभर ट्रॉलीत उसाच्या मोळ्या रचलेला माझा भाऊ तो पडू देतोय होय! वर तिथल्या भुतालाही दहीभात, कोंबडं देऊन दोघांनी वाटेला लावलं. अरे, जरा पळा, लपा, म्हणून मी ओरडलो. भूत म्हटलं की त्याला आधी विचारायचं असतं, असं त्यांनी उलट मलाच ऐकवलं. जसा काही मी परदेशात वाढलो होतो.

सुट्टीच्या शेवटच्या दुपारी मी तिसरं जाडजूड पुस्तक उघडलं. महाबळेश्वरच्या घाटात, धुक्यात मेलेला टॅक्सीवाला. यावेळी प्रश्न मित्राने विचारला. "काय पायजे रं तुला?"

साडी झाली, दहीभात झाला, कोंबडंही झालं होतं. वैतागून मी तोंडाला आलं ते बोललो, "घरी जायचंय मला."

सोडू की, गाडी आहे, असं भाऊ लगेच म्हणाला. मित्राची ट्रंक सकाळीच भरून झाली होती. हातातले फासे त्याने हळूच टेबलावर ठेवले.

"ह्ये न्हाई देता येत, गड्या."

पुस्तकात पुढे काय करायचं ते लिहिलं होतं. मी ते मिटलं. त्याच्याकडे बघायची मला भीती वाटत होती.