अर्जातली दुसरी ओळ

विरूपाक्ष शेटे सरांची आणि माझी पहिली भेट एका अर्जामुळे झाली. मुरुमपासून थोड्या अंतरावर असलेल्या आमच्या छोट्या तंत्रप्रशिक्षण संस्थेत फिटर विभागाला एक साहाय्यक हवा होता. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. माकणीच्या शाळेत शिकलेलो, फिटरचा कोर्स करून गावातच एका शेडमध्ये काम करणारा. अर्जात मी शाळेतल्या गुरुजींनी शिकवलेली सगळी वळणदार वाक्ये घातली होती. 'आपल्या कृपाछत्राखाली सेवेची संधी लाभल्यास' वगैरे. सरांचे हात तेलकट होते, म्हणून त्यांनी कागद कडेला दोन बोटांत धरून उभ्या उभ्याच वाचला आणि विचारले, "यात तुम्ही कुठं आहात?"

मला प्रश्न कळला नाही. मी खालच्या सहीवर बोट ठेवले.

"तसं नव्हे. हातानं काय बनवलंय तुम्ही?"

"कडबाकुट्टीच्या मशीनला पाती करून दिलीत, सर. गावात सात-आठ जणांना."

"मग पहिल्या ओळीत ते लिहा. आणि बिघडवलं काय?"

नोकरी मागायला आलेल्या माणसाला असे कोणी विचारीत नाही. मी खरे ते सांगून टाकले. पहिल्याच पात्याला उलटी धार काढली होती, आणि मालकाचा कडबा कापला न जाता नुसता चेंबून बाहेर आला होता.

"ते दुसऱ्या ओळीत लिहा," सर म्हणाले. "ज्यानं काहीच बिघडवलं नाही, त्यानं काही केलंच नसणार."

मी नव्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि कामाला लागलो. त्याला आता वीसेक वर्षे होऊन गेली. सरांच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मला सर्वांत आधी तो कागद आठवला. का, ते पुढे येईलच.

सरांच्या कामाविषयी इतर मंडळी माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी एकच गोष्ट सांगतो. आमच्या भागातली मुले कोर्स करून घरी बसत, नाहीतर पुण्याला जाऊन मिळेल ते काम करीत. उमरग्याकडच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारी आणि तिथल्याच एका महाविद्यालयाच्या कम्युनिटी कॉलेजात पदविका, असे दोन्ही एकदम करता येते, हे प्रथम सरांनी हुडकले. चार दिवस कारखाना, दोन दिवस वर्ग. पण पहिल्या वर्षी अर्ज अडकले. कारखाना म्हणे, कॉलेजचा प्रवेश दाखवा. कॉलेज म्हणे, कारखान्याचे पत्र आणा. सर आठवडाभर मोटारसायकलवरून दोन्हीकडे हेलपाटे घालत राहिले. शेवटी त्यांनी प्राचार्यांना विनंती करून आपल्या मागे बसवले आणि थेट कारखान्याच्या फाटकात नेऊन उतरवले. तिथल्या साहेबांना म्हणाले, "दोघं एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' म्हणता, आणि लेकरं उन्हात उभी आहेत. आता समोरासमोर ठरवा, मी बाहेर बसतो." पाऊण तासात दोन्ही पत्रे एकाच टेबलावर लिहिली गेली.

तेव्हापासून दरवर्षी अर्जाच्या दिवसांत आमच्या कार्यशाळेतल्या लांब बाकावर मुले-मुली अर्ज लिहायला बसतात. छापील अर्जासोबत एक कागद असतो. पहिल्या ओळीत काय बनवले, दुसऱ्या ओळीत काय बिघडवले. दुसरी ओळ कोरी असेल तर सर कागद परत करतात. रागावत नाहीत, नुसता परत करतात.

आता मी जे सांगणार आहे, ते तीन वर्षांपूर्वीचे आहे. सरांच्या निवृत्तीला तेव्हा थोडेच दिवस उरले होते.

माकणीच्या दत्तूअण्णांची सारिका आमच्याकडे फिटर विभागात शिकत होती. दत्तूअण्णा माझ्याहून वडील, आमचे घर आणि शेत त्यांच्या शेजारी. मुलीने कारखान्यात जावे हे त्यांच्या गळी उतरत नव्हते. मी समजावायला गेलो तेव्हा ते गोठ्यात होते. "भागवता," ते म्हणाले, "नुसती कंपनी असंल तर न्हाय. कॉलेज असंल तर जाऊ दे. पावण्यांनी इचारलं तर सांगाया तरी येतंय, पोरगी कॉलेजात हाय म्हणून."

"दोन्ही आहे अण्णा. पण कारखान्यानं घेतलं तरच कॉलेज."

"आन् न्हाय घेतलं तर?"

अण्णांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही.

"न्हाय घेतलं तर दिवाळीनंतर सोयरीक बघायची. आत्ताच सांगून ठिवतो. तू हाईस म्हणून धाडाय लागलोय, ध्यानात ठेव."

निवडीसाठी कारखान्याने प्रत्येकाला स्वतः केलेला एक जॉब आणायला सांगितले होते. लोखंडाचे दोन तुकडे कानशीने असे घासायचे, की एक दुसऱ्याच्या खाचेत बोटाच्या हलक्या दाबाने सरकला पाहिजे आणि उजेडासमोर धरला तर सांध्यातून उजेड दिसता कामा नये. सारिकाने तो आठ-दहा दिवस खपून केला. सरांनी उजेडासमोर धरला आणि काही न बोलता तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. त्यांचे काही न बोलणे म्हणजे शाबासकी, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे.

निवड दसऱ्यानंतर दोन दिवसांनी होती. खांडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. पूजेचे काम माझ्याकडे असते. त्या दिवशी पूजा आटोपल्यावर सर लवकर घरी गेले होते. कपाट लावताना मला तो जॉब दिसला. सोनारीच्या काळभैरवाचा अंगारा माझ्या खिशात होता. पोरीचे काम व्हावे म्हणून मी मुद्दाम जाऊन आणला होता. मनात आले, हत्यारे पुजली, मग ज्याच्यावर एका लेकराचे पुढचे सगळे अवलंबून आहे, ते तसेच कपाटात का? मी जॉब काढला. तेलावर हळदकुंकू नीट बसेना, म्हणून तेल कोरडे पुसले. हळदकुंकू वाहिले, अंगारा लावला, नारळाचे पाणी शिंपडले आणि हात जोडून तो हत्यारांजवळ ठेवून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी होती.

सुट्टीनंतर सकाळी मी कार्यशाळेत पोहोचलो तेव्हा सर, सारिका आणि दुसऱ्या दिवशीच्या निवडीसाठी तिला न्यायला आलेले दत्तूअण्णा असे तिघे माझ्या आधीच आत होते. जॉब सरांच्या हातात होता. दोन्ही तुकड्यांवर गंजाचे ठिपके उठले होते. सारिकाने एक तुकडा दुसऱ्यात सरकवून पाहिला. तो अर्ध्यात अडकला. गंज घासून काढला तर फट पडणार, न काढला तर सरकणार नाही.

वीस वर्षे लोखंडात काढलेल्या माणसाला एवढे कळू नये? पण त्या दिवशी मी लोखंडाकडे लोखंड म्हणून पाहिलेच नव्हते.

"ह्ये कसं झालं?" दत्तूअण्णांनी विचारले.

सरांनी खाचेत नख फिरवले. नखाला पिवळे लागले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मग दत्तूअण्णांकडे वळले. "माझ्या विभागात झालं, म्हणजे चूक माझी, अण्णा."

"तुमची? सर, जल्म गेला की तुमचा लोखंडात! तेल लावून ठिवायचं आमच्या घरच्या म्हातारीला बी कळतंय. इळ्याला सुदिक तेल लावती ती!"

"खरं आहे अण्णा तुमचं."

"खरं हाय म्हणून आता काय करायचं? उंद्या काय दाखवायचं पोरीनं?"

मी त्या वेळी बोलायला हवे होते. तोंड उघडलेही, पण निघाले ते वेगळेच. मी सरांना बाजूला घेऊन म्हणालो, "सर, मागच्या वर्षीचा एक चांगला जॉब कपाटात आहे. तोच दिला तर?"

सर मला प्रथमच थोड्या कठोर आवाजात म्हणाले, "भागवतराव, तिथं तिला उभं राहायचंय. दुसऱ्याचा तुकडा हातात घेऊन कशी उभी राहील ती?" मग सारिकाकडे जाऊन (सगळ्याच मुलींना ते अक्का म्हणतात) विचारले, "अक्का, एका दिवसात होईल?"

सारिका डोळे पुसत म्हणाली, "दहा दिवस लागले हुते, सर."

"तेव्हा हात शिकत होता. आता त्याला ठाऊक आहे."

मी भांडारातून लोखंडाची पट्टी आणली आणि करवत उचलली. तेवढे तरी माझ्या हातून व्हावे. सारिकाने करवत माझ्या हातातून घेतली. "कापते मीच, सर." सर मला म्हणाले, "तुम्ही चहाचं बघा." दत्तूअण्णा दाराशी बसले होते. ते म्हणाले, "बघा बाबा, चहात तरी तेल घालू नका."

सकाळी सुरू झालेले ते काम दिवे लागायच्या वेळेपर्यंत चालले. मधे दोन तास वीज गेली होती, पण कानशीला विजेचे काय! सरांचा उजवा गुडघा तेव्हाही दुखत असे. तरीही ती उभी आहे तोवर ते बसले नाहीत. तुकडा आवळून धरणाऱ्या तिच्या व्हाइसपासून दोन हातांवर, हात मागे बांधून उभे राहिले. कानशीला त्यांनी एकदाही हात लावला नाही. कधीतरी "कोपर" म्हणत, कधी "घाई नको, अक्का". एवढेच. सर घरी लिंगपूजा केल्याशिवाय पाणी घेत नाहीत, पण कार्यशाळेत देवाचे नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेले नाही. त्या संध्याकाळी त्यांना तसे उभे पाहून माझ्या मनात आले, की पूजा ती हीच असावी, आणि मी परवा केली ती नुसती धांदल होती.

नवा जॉब सरकला. सरांनी तो उजेडासमोर धरला आणि काही न बोलता तेलाच्या फडक्यात गुंडाळला. गंजलेलाही दुसऱ्या फडक्यात गुंडाळून तिच्या हाती दिला. "दोन्ही ने."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या घरी गेलो. "सर, ते माझ्या हातून—" एवढेच म्हणालो. सर कानडीत म्हणाले, "इरली बिडी." असू द्या, सोडून द्या. आणि मग मराठीत, "लिहायची वेळ आली की लिहा."

त्याच दिवशी सारिकाची निवड झाली. कारखान्याचे पत्र घेऊन ती कॉलेजात गेली, प्रवेश झाला. दोन वर्षे चार दिवस कारखाना आणि दोन दिवस वर्ग करून तिने पदविका पूर्ण केली. आज ती त्याच कारखान्यात आहे. तिच्यामागून माकणीच्या आणखी दोन मुली आमच्याकडे आल्या.

निवडीच्या वेळी काय झाले, हे मला तिने या लेखाच्या निमित्ताने गेल्या महिन्यात सांगितले. साहेबांनी गंजलेला तुकडा उचलून विचारले होते, "हा कशाला आणला?"

"सर म्हणाले, दोन्ही ने."

"गंजला कसा?"

"खांडेनवमीच्या पूजेत हुता, साहेब. आमच्यात हत्यारं पुजतात."

साहेबांनी खाचेत बोट घातले, हळद पाहिली आणि हसू लागले. "आणि हा दुसरा कधीचा?"

"कालचा."

"काल? एका दिवसात?" मग त्यांनी तिला तिथेच कानस देऊन अर्धा तास काम करायला लावले आणि नाव लिहून घेतले.

मी सारिकाला विचारले, "म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं?"

"पूजा तुम्हीच करता की, सर. कोण बी वळखील."

"मग अण्णांना का नाही सांगितलंस?"

"अण्णांनी तुमच्या भरवशावर धाडलं हुतं. तुमचं नाव निघालं असतं तर परत गावातली एक तरी पोरगी आली असती का? शेटे सर मला तवाच म्हणले हुते, अण्णांचा राग माझ्यावर ऱ्हाऊ दे, मी काय माकणीचा न्हाय."

सरांनी त्या सकाळी मला वाचवले, असे मी तीन वर्षे समजत होतो. मला वाटत होते त्याहून त्यांना पुढचे दिसत होते. पण त्याची झळ मात्र ते अजून सोसत आहेत. दत्तूअण्णा त्यांना बाजारात, लग्नात, कुठेही भेटले की चारचौघांत विचारतात, "काय सर, तेल लावलं का?" आणि सर हसून म्हणतात, "लावलं अण्णा, लावलं."

गौरवलेखात लेखकाने स्वतःविषयी फार बोलू नये, हे मला कळते. पण माझा लेख सरांसमोर गेला आणि त्यात फक्त त्यांचे गुण असले, तर ते तो कडेला दोन बोटांत धरतील, वाचतील आणि परत करतील. म्हणून लिहितो. दत्तूअण्णा, तो जॉब मी गंजवला. तेल मी पुसले. सरांनी नव्हे. हा ग्रंथ सारिका तुम्हाला वाचून दाखवीलच. इथून पुढे तेलाचे विचारायचे ते मला विचारा; घर माझे तुमच्या शेजारीच आहे.

आता आमच्याकडे खांडेनवमीला हत्यारांना आधी तेलाचा हात फिरतो, मग एकेक कोरडे फूल. नारळ बाहेर ओट्यावर फुटतो. सर निवृत्त झाले असले तरी त्या दिवशी येतात आणि त्यांच्या जुन्या व्हाइसपाशी थोडा वेळ उभे राहतात. यंदा मी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवणार आहे. ते बसणार नाहीत, हेही मला माहीत आहे.

काळभैरवापाशी माझे मागणे एवढेच, की सरांचा गुडघा दुखायचा थांबो, डोळ्यांना सांध्यातला उजेड असाच दिसत राहो, आणि पुढची पुष्कळ वर्षे त्या लांब बाकावर कोणाची दुसरी ओळ कोरी राहिली, तर तो कागद परत करायला सर समोर असोत. माझी ओळ लिहायला तीन वर्षे लागली. सरांनी ती आता ठेवून घ्यावी.